वृद्धाश्रमातली देखभाल पारखताना या चुका टाळा

लेकरं पुण्याला नाहीतर हैदराबादला, आई-वडील परभणीत किंवा अंबाजोगाईत, आणि गुडघे, साखर, विसरभोळेपणा या तिघांनी एकदमच गाठलेलं. मग दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस काढून संभाजीनगर, लातूर, नांदेडकडचे तीन-चार वृद्धाश्रम पालथे घातले जातात. बाग बघायची, देवघर बघायचं, खोलीत एसी आहे का विचारायचं, ऑफिसात चहा घ्यायचा आणि परतताना गाडीतच निर्णय करून टाकायचा. फिजिओथेरपिस्ट म्हणून अशा ठिकाणी माझं जाणं-येणं असतं. बागेवरून देखभाल कळते असा अनुभव मला तरी नाही. ज्याला स्वतः उठता येत नाही त्या माणसाच्या अंगावर ती दिसते, आणि कुणी पाहुणा येत नाही अशा वेळी दिसते. खालच्या बहुतेक चुका या दोन ठिकाणी नजर न गेल्यामुळेच होतात.

चूक: सांगून जाणं, आणि सकाळी अकराला जाणं

अकरा ही कुठल्याही वृद्धाश्रमाची सगळ्यात देखणी वेळ. अंघोळी उरकलेल्या, फरशी पुसलेली, नाष्टा झालेला, मॅनेजर जागेवर. पहिली भेट सांगून द्या, त्यात काही वावगं नाही. दुसरी मात्र रात्रीच्या जेवणाच्या वेळी द्या. आधी कळवा, पण आदल्या दिवशी नको, तासभर आधी. ‘जेवणाच्या वेळी भेट देत नाही’ असं उत्तर आलं तर कारण विचारा. गडबड नको म्हणून, हे कारण पटण्यासारखं आहे. दाराशी उभं राहून बघू द्यायलाही नकार असेल तर पुढचं काय ते समजून घ्या.

जेवणात काय बघायचं? पदार्थ नंतर, आधी ताटं बघा. हात थरथरणाऱ्या एखाद्या आजोबांसमोर ताट ठेवलं जातं. भाकरी अख्खी, वरण वाटीत. वाटी उचलताना निम्मं वरण सदऱ्यावर सांडतं, भाकरी मोडतच नाही. पंधरा मिनिटांनी ताट उचललं जातं आणि वहीत ‘जेवण झाले’ अशी नोंद होते. दुसऱ्या ठिकाणी तीच भाकरी वरणात कुस्करून, चमचा देऊन, मावशी शेजारी बसलेली असते आणि मध्येच म्हणते, ‘आबा, गिळा आधी, मग बोला.’ आचारी दोन्हीकडं एकाच तोडीचा असू शकतो. फरक माणूसबळाचा असतो.

म्हणून माणूसबळाचं थेट विचारा: रात्री दोन वाजता किती जण जागे असतात? ‘वॉचमन आहे ना’ हे उत्तर चालणार नाही. वॉचमन गेट सांभाळतो, संडासच्या दारात पडलेल्या काकूंना तो एकटा उचलू शकत नाही. आपल्याकडचा आणखी एक प्रश्न आहे आणि तो पुण्याच्या माणसाला सुचणार नाही: येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, ड्यूटीवर कोण असतं? लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी अख्खं शहर शेतात जातं, बाजारपेठ ओस पडते. मावश्या आणि वॉर्डबॉय बहुतेक खेड्यातलेच, त्यांनाही घरी जायचंच असतं. पोळ्याचंही तसंच. ज्या संस्थेनं या दिवसांची पाळी आधीच लावून ठेवलेली असते, ती पटकन नावं सांगते. जिथं ‘होतं कसंतरी मॅनेज’ असं ऐकू येतं, तिथं ते खरोखर कसंतरीच होतं.

चूक: फक्त चालत्या-बोलत्या माणसांशी गप्पा मारून परत येणं

व्हरांड्यात पेपर वाचणारे गुरुजी तुम्हाला सगळं छान आहे असं सांगतील आणि ते खरंही असेल, कारण त्यांना कुणाची फारशी गरजच नसते. तुमच्या आईला आज नसली तरी दोन वर्षांनी गरज पडणार आहे. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या लोकांची खोली बघायला मागा. अनोळखी माणसाचं पांघरूण उचलू नका, तेवढी मर्यादा पाळा. पलंगाजवळ कूस बदलल्याची नोंद आहे का, ते बघा.

एका जागी पडून राहिलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाहीतर माकडहाड, टाचा, खुबे, कोपरं अशा हाडाच्या जागी रक्तपुरवठा दबतो आणि जखम होते. ही नोंद वाचायची एक युक्ती आहे. सगळ्या वेळा एकाच पेनानं, एकाच अक्षरात, सरळ रेषेत असतील तर तो कागद एका बैठकीत भरलेला आहे. दुपारी चारला गेलात आणि सहाचा रकाना आधीच भरलेला दिसला, तर विचारण्यासारखं काही उरतच नाही. ‘आमच्याकडं हवेची गादी आहे’ हे ऐकून निर्धास्त होऊ नका. गादी असली तरी कूस बदलावीच लागते, आणि लाईट गेली की तिचा पंप बंद पडतो. पंप इन्व्हर्टरवर आहे का, हे विचारा.

तुमचं माणूस आत राहायला गेल्यानंतर दर भेटीत मोजे काढून टाचा बघा, पाठीला तेल लावायच्या निमित्तानं माकडहाड बघा. लाल डाग दिसला तर त्यावर बोट दाबून सोडा. जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर त्वचा अजून तग धरून आहे. पांढरी पडतच नसेल तर जखमेची सुरुवात झालेली आहे, मग वरून कातडी शाबूत का दिसेना. सावळ्या रंगावर लाली नीट दिसत नाही. तिथं जागा गरम किंवा कडक लागते का, हे हातानं चाचपा, आणि भोवतालपेक्षा काळपट दिसते का, तेही बघा. अशी जागा सापडली की त्यावर मालिश करू नका, त्या बाजूला झोपवणं त्याच दिवसापासून बंद करायला सांगा, तारीख घालून फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. तिथून पुढं आठवडाभर रोज फोन करून त्या एकाच गोष्टीची चौकशी करा.

वासाबद्दल एवढंच: लघवीचा वास एखाद्या कोपऱ्यात येणं साहजिक आहे. सगळीकडं येत असेल तर डायपर वेळेवर बदलले जात नाहीत. आणि फिनाईलचा भपका डोळ्यांत जात असेल तर तेव्हाही नाकावर विश्वास ठेवा.

चूक: उन्हाळा आणि पाणी गृहीत धरणं

दिवाळीत बघितलेली संस्था मे महिन्यात कशी चालते? पारा बेचाळीसच्या वर जातो, बोअर आटतात. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आपण कुणी विसरलेलो नाही. म्हणून टँकर कुठून येतो, साठवणीची टाकी किती दिवस पुरते, लोडशेडिंगमध्ये पंखे किती तास चालतात, वरच्या मजल्यावर स्लॅबखाली कोण झोपतं, हे सगळं विचारायचं. इन्सुलिन चालू असेल तर फ्रिज कुठं आहे, तेही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. ते औषधांच्या कपाटात ४० अंशांवर पडून राहिलं तर साखर का वाढतेय याचं कोडं कुणालाच सुटत नाही.

पण टाकीत पाणी असणं आणि ते पोटात जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वयानुसार तहान कमी लागते. त्यात आपल्याकडच्या आयाबाया ‘सारखं उठावं लागतं, पोरींना त्रास’ म्हणून स्वतःहून पाणी तोडतात. आणि काही ठिकाणी, स्पष्टच बोलायचं तर, चादरी कमी बदलाव्या लागाव्यात म्हणून संध्याकाळनंतर पाणी मुद्दाम कमी दिलं जातं. जीभ कोरडी, लघवी गडद, मलावरोध, आणि एकाएकी भ्रमिष्टासारखं बोलणं अशी लक्षणं दिसतात. यातल्या शेवटच्या लक्षणाला घरचे ‘म्हातारचळ’ म्हणून मोकळे होतात. काल नीट बोलणारं माणूस आज मेलेल्या भावाला हाका मारायला लागलं तर आधी पाणी कमी पडलंय का, लघवीत जंतुसंसर्ग आहे का, साखर किंवा सोडियम उतरलंय का, हे त्याच दिवशी तपासून घ्यायला सांगा. उलट हृदय किंवा किडनीच्या आजारात पाणी मोजूनच द्यायचं असतं, तिथं ‘भरपूर पाजा’ असा आग्रह धरू नका.

चूक: ‘आता शांत झालेत’ या वाक्यावर खूश होणं

आयुष्यभर तालुक्याचं राजकारण दणक्यात बोलणारे वडील महिन्याभरात गप्प झाले, भर दुपारी मान टाकून झोपतात, बोलताना जीभ जड लागते. संस्था म्हणते, रुळले. असेलही. पण त्याच दिवशी औषधांची यादी मागा आणि पूर्वीच्या चिठ्ठीशी ताडून बघा. नवी गोळी दिसली तर कुणी लिहिली, कशासाठी, किती दिवसांसाठी, हे विचारा. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना मानसिक आजारांवरची काही औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्येच दिलेला आहे. डॉक्टर कधीकधी विचारपूर्वक ती देतात, ते वेगळं. मावशी कमी आहेत म्हणून रात्रीची गोळी देणं, ते वेगळं. गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका, ज्या डॉक्टरांवर तुमचा भरवसा आहे त्यांच्याकडं माणूस आणि यादी दोन्ही घेऊन जा.

मनगटावर वळ दिसले तर मात्र वाट बघत बसू नका. ओढणीनं हात पलंगाला बांधणं ही देखभाल नव्हे, कारण कितीही गोड सांगितलेलं असो.

चूक: तक्रार ऐकून एकतर भांडायला उठणं, नाहीतर ‘जमवून घे’ म्हणणं

‘जेवण बरं नसतं’ या एका वाक्यामागं पाच कारणं असू शकतात. कवळी सैल झाली, भाकरी कडक आहे, डॉक्टरांनी मीठ कमी केलंय, उदास वाटतंय, किंवा जेवण खरंच बरं नाही. यात वाद घालण्यापेक्षा वजन बघा. दर महिन्याला, त्याच काट्यावर, वजन घेतलं जातं का? महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन मुद्दाम प्रयत्न न करता उतरलं तर ती धोक्याची खूण मानतात. ६० किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किलो गेले, तर विषय चवीचा राहिलेला नाही. काटा नसेल तर आईच्या हातातल्या बांगड्या बघा. पूर्वी मनगटावर अडणारी बांगडी कोपराकडं सरकत असेल, तर फोनवरच्या ‘मी मजेत आहे’ला काही अर्थ नाही.

आणि तो फोन बहुतेकदा मावशीनंच धरलेला असतो. त्यामुळं ‘काही त्रास आहे का गं माय?’ असं विचारून उत्तर मिळत नाही. ‘काल रात्री कोण होतं?’, ‘आज भाजी कसली होती?’, ‘अंघोळ कुणी घातली?’ असे साधे प्रश्न विचारा. उत्तरं आपोआप जुळतात किंवा जुळत नाहीत.

तक्रार करताना मावशीला चारचौघांत झापणं ही सगळ्यात वाईट चाल. तुम्ही गाडीत बसून जाता, तुमची आई तिच्याच हाती राहते. मावशीचा पगार तुटपुंजा, पाळी बारा तासांची, आणि माणूस उचलायचं शिक्षण तिला बहुधा कुणी दिलेलंच नसतं. सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर लिहा: तारीख, वेळ, काय दिसलं, काय बदल हवा, कधीपर्यंत. दोनदा लिहून फरक पडला नाही तर संस्थाचालक. तिथंही नाही, तर जिल्ह्यातलं समाज कल्याण सहायक आयुक्तांचं कार्यालय आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाईन. मारहाण किंवा बांधून ठेवणं असेल तर सरळ पोलीस ठाणं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या न्यायाधिकरणाकडं जायचा सल्ला पुष्कळ जण देतात. उपविभागीय अधिकाऱ्यांकडं चालणारं ते न्यायाधिकरण मुख्यतः आई-वडिलांनी मुलांकडून निर्वाहखर्च मागण्यासाठी आहे. वृद्धाश्रमाच्या कारभाराची तक्रार तिथं नेऊन वेळ घालवू नका.

चूक: करारातली दोन वाक्यं न वाचणं

डिपॉझिट सगळे वाचतात. त्यापेक्षा महत्त्वाचं वाक्य हे: माणूस अंथरुणाला खिळलं तर संस्था ठेवून घेणार का? कितीतरी ठिकाणी फक्त चालत्या-फिरत्यांनाच प्रवेश असतो आणि खुबा मोडला की आठ दिवसांत ‘घेऊन जा’ असा निरोप येतो. दुसरं वाक्य दवाखान्याचं. रात्री छातीत दुखलं तर कुठं नेणार, गाडी कुणाची, आणि घाटीत (संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) किंवा सिव्हिलला शेजारी थांबणार कोण? दाखल रुग्णाजवळ नातेवाईक मागतातच, तुम्ही हिंजवडीहून पोहोचेपर्यंत सहा तास जातात. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. ते कार्ड आधीच काढून त्याची प्रत संस्थेच्या फाईलमध्ये ठेवा.

चूक: एका रागात माणूस हलवणं

जागा बदलली की वृद्ध माणूस, विशेषतः स्मृतिभ्रंश असलेलं, काही आठवडे बिथरतं, पडतं, जेवण सोडतं. म्हणून भाजी खारट होती या कारणावरून हलवू नका. वाढत जाणारी जखम, उतरत जाणारं वजन, पुन्हा पुन्हा पडणं, आणि लिहून देऊनही हलगर्जीपणा तसाच, असं असेल तर थांबूही नका. निघताना औषधांची चालू यादी, शेवटचा डोस किती वाजता दिला, शेवटचं इन्सुलिन किती युनिट दिलं, तपासण्यांचे रिपोर्ट आणि कवळी-चष्मा-ऐकण्याचं मशीन एवढं हातात पडल्याशिवाय गेट सोडू नका. नवीन ठिकाणी पहिल्याच दिवशी पाठ आणि टाचा दोन्हीकडच्या माणसांसमोर तपासून कागदावर लिहून घ्या, म्हणजे नंतर जखम कुणाकडं झाली यावरून वाद होत नाही.