गरोदरपणातला व्यायाम आणि दोन हृदयं : या चुका टाळा

गरोदर बाईने व्यायाम करायचा म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "बाळाला काही होणार नाही ना?" तिच्या स्वतःच्या हृदयाला हे झेपेल का, असं सहसा कुणी विचारत नाही. पोटातलं निरोगी बाळ आईच्या बेताच्या व्यायामाशी छान जुळवून घेतं. व्यायामाच्या वर्गात घोळ होतो तो बहुतेक वेळा आईच्या हृदयाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

घड्याळातल्या आकड्याला घाबरणं

गरोदरपणात बसल्या जागी नाडीचे ठोके मिनिटाला १० ते २० ने वाढतात. आधी ७२ असायचे ते आता ८८ दिसले तर लगेच घाबरायचं कारण नाही. अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि हृदय दर मिनिटाला पुढे ढकलत असलेलं रक्त ३० ते ५० टक्क्यांनी. म्हणजे तुम्ही सोफ्यावर पाय लांब करून बसलात तरी हृदय जादा काम करतच असतं. मनगटावरच्या घड्याळाला यातलं काही माहीत नसतं, ते आपलं वयावरून हिशेब मांडून लाल दिवा दाखवतं.

"ठोके १४० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत" हा नियमही अजून फिरतोय. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तो १९८५ मध्ये सांगितला होता आणि १९९४ मध्ये स्वतःच मागे घेतला. तीस वर्षं उलटली, तरी कुणाची तरी वहिनी तो सांगतेच! रक्तदाबासाठी लॅबेटॅलॉलसारखं औषध चालू असेल तर फसगत उलट्या बाजूने होते. औषधामुळे ठोके फार वाढतच नाहीत आणि आकडा बघून वाटतं, अजून जोर लावायला हरकत नाही.

त्यापेक्षा साधी कसोटी वापरा. चालताना सोबतच्या बाईशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, पण गाणं म्हणायला श्वास पुरू नये. असा मध्यम व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटं करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. पूर्वी सवय नसेल तर रोज दहा मिनिटांपासून सुरुवात करा.

बाळाचे ठोके वाढले म्हणून व्यायाम बंद करणं

बाळाचे ठोके एरवी मिनिटाला ११० ते १६० असतात. आई भराभर चालली की ते १० ते ३० ने वाढतात आणि ती थांबली की थोड्या वेळात पूर्ववत होतात. अमेरिकेत कॅन्सस सिटीमधल्या संशोधकांनी नियमित व्यायाम करणाऱ्या आणि न करणाऱ्या गरोदर बायकांच्या बाळांचे ठोके ३६ व्या आठवड्यात तपासले होते. २०१० मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्यायाम करणाऱ्या आयांच्या बाळांचे ठोके शांतपणी कमी होते आणि त्यांच्यात चढउतार जास्त होता. हा चढउतार चांगला मानतात, कारण हृदयावर मज्जासंस्थेचा ताबा नीट बसत असल्याची ती खूण असते. मात्र अभ्यास लहान होता. त्यावरून "व्यायाम करा, बाळाला मोठेपणी हार्ट अटॅक येणार नाही" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर ती जाहिरात समजा.

अतिरेकाचीही नोंद आहे. २०१२ च्या एका अभ्यासात ऑलिंपिक दर्जाच्या सहा गरोदर खेळाडूंना ट्रेडमिलवर धावायला लावलं होतं. आईचे ठोके तिच्या कमाल मर्यादेच्या ९० टक्क्यांखाली होते तोवर बाळाचे ठोके नीट राहिले. त्यावर गेल्यावर, जिथे गर्भाशयाकडे जाणारं रक्त निम्म्याहून कमी झालं, तिथे बाळाचे ठोके मंदावले. धावणं थांबवताच ते सावरले. तेव्हा मॅरेथॉनची सवय असलेल्यांनी धावावं, पण जीव तोडून नको.

पाठीवर शवासन

ही चूक योगाच्या वर्गात, तीही सगळ्यात निवांत क्षणी होते. साधारण २० आठवड्यांनंतर पाठीवर पडलं की जड झालेलं गर्भाशय मागच्या मोठ्या नीलेवर दाब देतं. पायांकडून परत येणारं रक्त अडतं, हृदयात भरायलाच रक्त कमी पडतं आणि रक्तदाब उतरतो. बाहेरून बघणाऱ्याला हे कळतं. बाई डोळे मिटून पडलेली असते, पण मान इकडेतिकडे वळवायला लागते, ओठ पांढुरके दिसतात, कपाळावर गार घाम येतो. विचारलं तर म्हणते, "मळमळतंय, सकाळी खाल्लं नव्हतं ना." उपाशीपणावर न ढकलता तिला लगेच डाव्या कुशीवर वळवा. बहुतेकींना लगेच बरं वाटतं. ही नीला मणक्याच्या उजव्या अंगाला असते, म्हणून डावी कूस.

रात्री जाग आल्यावर आपण पाठीवर आहोत असं दिसलं तर घाबरू नका, कूस बदला आणि झोपा. श्वास कोंडून ठेवणारे किंवा जोरजोरात झटके देऊन घ्यायचे-सोडायचे प्रकार मात्र सोडा. कुंभक, कपालभाती, भस्त्रिका सगळं बाळंतपणानंतर.

"घरात एवढं काम असतं, वेगळा व्यायाम कशाला?"

ओट्याशी दोन तास उभं राहण्याने पाय सुजतात, दमसास वाढत नाही. उभ्याउभ्या रक्त पायांत साठतं, हृदयाला सलग मेहनत मिळत नाही. नवव्या महिन्यात एकदम फरशी पुसायला बसवणाऱ्या सासूबाईंचा हेतू चांगला असतो, पण आठ महिने हलू न दिलेल्या सुनेला तो भार एकदम पेलत नाही.

हिमोग्लोबिन न बघता सुरुवात करणं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. रक्त पातळ असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त पळावं लागतं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारून हळू चाला. ७ च्या खाली असेल तर आधी उपचार, व्यायाम नंतर. आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, ती अंगी लागत नाही.

जुनं दुखणं लपवणं

मला सगळ्यात जास्त धास्ती याची वाटते. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला असतो, कधीकधी दर तीन आठवड्यांनी कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शनही चालू असतं. लग्न ठरताना ते झाकलं जातं आणि गरोदरपणात सासरच्यांसमोर फाइल भरतानाही "काही नाही" असंच लिहिलं जातं. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेली असू शकते. ठोके वाढले की अशा हृदयाला भरायला वेळ कमी मिळतो, रक्त फुप्फुसांत तुंबतं आणि धाप लागते. एरवी जाणवलं नसेल ते दुखणं रक्त वाढल्यावर डोकं वर काढतं. अशा बाईने टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्याशिवाय कुठलाही वर्ग लावू नये. घरच्यांपुढे बोलता येत नसेल तर तपासणीच्या खोलीत एकटीने डॉक्टरांना सांगावं.

जिना चढताना दम लागणं गरोदरपणात नेहमीचं आहे, दोन मिनिटं टेकलं की तो बसतो. आडवं पडल्यावर खोकला येणं, रात्री धाप लागून उठून बसावं लागणं, छातीत दुखणं किंवा भोवळ येणं याला "दिवस भरत आले" म्हणू नका. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, नियमित कळा, एकाच पोटरीत दुखणं-सुजणं, यातलं काही झालं तरी व्यायाम तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा.

बीपी वाढल्यावर जास्त चालणं

कॅनडातल्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नियमित व्यायामाने गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब, प्रीएक्लॅम्प्सिया (बीपी वाढून मूत्रपिंड, यकृत अशा अवयवांवरही परिणाम होणं) आणि मधुमेह यांची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. हे वाचून काहीजणी बीपी वाढल्याचं कळल्यावर दुप्पट चालायला लागतात. तो फायदा दुखणं सुरू होण्याआधीचा आहे. प्रीएक्लॅम्प्सिया झाल्यावर व्यायाम बंद. डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील किंवा छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात दुखत असेल तर त्याच दिवशी बीपी मोजून घ्या.

बाळंतपण झालं की हृदयाला विसरणं

प्रसूतीनंतर लगेचच हृदयावरचा ताण आणखी वाढतो आणि सगळं पूर्वपदावर यायला काही आठवडे जातात. फार थोड्या बायकांत शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत हृदयाचे स्नायूच कमजोर होतात. पाय सुजतात, उशा रचून झोपावं लागतं, बाळाला घेऊन खोलीत चार पावलं टाकली तरी धाप लागते. घरात याला बाळंतवात म्हणून शेक-शेगडी चालू राहते. डॉक्टरांनी एको सांगितला तर सव्वा महिना होण्याची वाट बघू नका, त्याच दिवशी करून घ्या.