पावसाळ्यात आरसीसीबी सारखी पडते तेव्हा

भिंतींना ओल धरली की मुंबईत कितीतरी घरांत मेन बोर्डावरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडायला (आपोआप बंद व्हायला) लागते. जुनी मंडळी तिला ईएलसीबी म्हणतात. 'हीच खराब आहे' म्हणत कुणी ती काढून तारा थेट जोडून द्यायला लागलं, तर त्याला तिथेच थांबवा.

फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) तेवढाच परत आला नाही, की ती वीज तोडते. उरलेला करंट ओल्या भिंतीतून, गिझरच्या पत्र्यातून नाहीतर माणसाच्या अंगातून जमिनीत गेलेला असतो. घरासाठी 30 मिलिअँपिअरचीच हवी, आकडा तिच्यावर छापलेला असतो. 100 किंवा 300 ची माणसाला वाचवायला पुरत नाही. शेजारचे छोटे स्विच म्हणजे एमसीबी, त्या वायर तापून जळू नये म्हणून असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. आणि एका हाताने फेज, दुसऱ्याने न्यूट्रल धरली, तर आरसीसीबीलाही ते कळत नाही.

आता दोष शोधू. हात कोरडे, पायात रबरी चप्पल. सगळ्या एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा. जिच्यावर पडेल त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा. गिझर, एसी थेट जोडलेले असतील तर त्यांचे स्विच बंद करा. पुन्हा चढवा. टिकली तर दोष उपकरणात, एकेक लावून पाहिलं की सापडतो. बहुतेकदा गिझरची कॉइल किंवा बाल्कनीतलं वॉशिंग मशीन निघतं. प्लग काढूनही पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये. एसीच्या बाहेरच्या युनिटकडे जाणारा, नुसती टेप गुंडाळलेला जॉइंट आधी उघडायला लावा. पाणी शिरलं असेल तर तांब्यावर हिरवा थर दिसतो.

सगळ्या एमसीबी खाली असूनही पडते? घरगुती एमसीबी बहुधा फक्त फेज तोडते, म्हणजे न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकली असू शकते. हे वायरमनने मेगर (तारेचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावूनच शोधायचं.

जुन्या चाळींत अर्थिंगची तार नसली की सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. हे फार घातक आहे. न्यूट्रल तुटली तर फ्रिजचा अख्खा पत्रा 230 व्होल्टवर येतो. वायरमन आलाच आहे तर सॉकेट उघडून दाखवायला सांगा.

वीज चालू असताना महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचं 'टी' (टेस्ट) बटण दाबा. आरसीसीबी लगेच पडली पाहिजे, नाहीतर बदला. हे बटण अर्थिंग मात्र तपासत नाही.

तळमजल्यावरच्या मीटररूममध्ये पाणी शिरलं तर आत पाऊल टाकू नका. बिलावर बेस्ट, अदानी, टाटा, महावितरण यांपैकी जे नाव असेल त्यांना फोन करून पुरवठा तोडायला सांगा. कुणाला शॉक बसत असेल तर आधी मेन स्विच बंद. तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर ढकला, मग 108.