पणजीत राहायला येताना परिसर कसा निवडावा

पणजीत बदली झाली किंवा नोकरी लागली की बहुतेक माणसे आधी घर शोधतात आणि त्या घराबरोबर जो परिसर पदरी पडेल तो मुकाट्याने स्वीकारतात. हा क्रम उलटा आहे. घराची डागडुजी करता येते. पण ते घर किती उंचीवर आहे, जलवाहिनीच्या कोणत्या टोकाला आहे आणि रात्री त्याच्या आजूबाजूला काय चालते, यांपैकी काहीही भाडेकरूच्या हातात नसते. गेल्या अठरा वर्षांत मी पणजी आणि तिच्या आसपास सहा घरे बदलली, आणि त्याहून कितीतरी अधिक घरे नव्याने आलेल्या सहकाऱ्यांसाठी व नातेवाइकांसाठी हिंडून पाहिली. त्या अनुभवावरून पुढील क्रम सांगते आहे.

पणजी शहर लहान आहे. म्हणून 'पणजीत राहणे' याचा प्रत्यक्ष अर्थ बहुधा ताळगाव, करंजाळे, मेरशी, सांताक्रूझ, रायबंदर किंवा मांडवीपलीकडची पर्वरी येथे राहणे असा होतो. यांतील तीन नावे कागदावर लिहा आणि एखाद्या सोमवारी, कामावर जाण्याच्याच वेळी, त्या प्रत्येक ठिकाणाहून कार्यालयापर्यंत स्वतः जाऊन पाहा. नकाशावरचे किलोमीटर येथे कामाचे नाहीत. पुलावरची सकाळची रांग आणि संध्याकाळी मांडवीकाठच्या रस्त्यावर कॅसिनोंमुळे होणारी गर्दी त्यांत दिसत नाही. दुचाकी नसेल तर शेवटची बस किती वाजता सुटते हे बसच्या वाहकालाच विचारावे, कारण खासगी बसगाड्या अंधार पडल्यावर विरळ होत जातात आणि थांब्यावरची माणसे बऱ्याचदा जुनी वेळ सांगतात. बाजार, औषधाचे दुकान, मुलांची शाळा आणि बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) रुग्णालय यांची अंतरे याच फेरीत समजतात.

एवढे सोपे. यापुढचा टप्पा अवघड आहे आणि नेमका तोच सगळे टाळतात.

परिसराचे पाणी ओळखणे

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. घर शोधणारी माणसे मात्र डिसेंबर ते मे या काळात फिरतात, जेव्हा प्रत्येक गल्ली कोरडी आणि प्रत्येक अंगण झाडलेले असते. माझे पहिले घर मी असेच फेब्रुवारीत घेतले. पणजीलगतच्या एका गावात तळमजला, मागे दूरवर पसरलेले मोकळे शेत, दिवसभर वारा आणि भाडेही बेताचे. मध्यस्थाने सांगितले की येथे पाणी कधीच चढत नाही, आणि मी विश्वास ठेवला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री पाणी आले ते रस्त्यावरून नव्हे, तर न्हाणीघराच्या मोरीतून. बाहेरची गटारे तुडुंब भरल्यामुळे पाण्याला उलटी वाट मिळाली होती. पहाटे तीन वाजता मी तांदळाचा डबा, मुलीची पुस्तके आणि गॅसची शेगडी पलंगावर चढवून पाण्यात उभी होते. त्या पावसाळ्यात असे चार वेळा झाले.

नंतर कळले की ज्या शेताचे मला कौतुक वाटले होते ते खाजन होते. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीला किंवा तिच्याही खाली असलेली, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. बांधात मानस, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याची दारे असलेली वाट, असते. ओहोटीच्या वेळी आतल्या पाण्याच्या दाबाने तिची दारे उघडतात आणि शेतातले पाणी नदीत जाते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तीच दारे मिटतात. ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आणि अत्यंत शहाणपणाची आहे, पण दारे मिटलेली असताना वरून मुसळधार पाऊस कोसळला तर आतल्या पाण्याला बाहेर जायला जागाच उरत नाही. त्यात खाजनाच्या कडेला मातीची भर घालून घरे बांधली की पूर्वी शेतात साचणारे पाणी शेजारच्या अंगणात शिरते. पणजी शहरातही कारण वेगळे नाही. मळा, सांतिनेज नाल्याच्या काठचा भाग आणि अठरा जून मार्गाचा सखल पट्टा येथे पाणी तुंबते ते फक्त पावसाच्या जोरामुळे नव्हे. त्याच वेळी भरती असेल तर नाल्यांचे तोंड मांडवीच्या पाण्याने रोखलेले असते.

यातूनच मला एक परीक्षा सापडली, जी भर उन्हाळ्यातही करता येते आणि जी मी आता कोणतेही घर पाहण्याआधी करते. पौर्णिमा किंवा अमावास्या गाठून, किंवा तिच्या दुसऱ्या दिवशी, उधाणाच्या भरतीच्या वेळी त्या परिसरात जा. वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीचा आकडा पाऊणपट करावा. येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होईल, पण आपल्या कामाला ते पुरेसे आहे. त्या वेळी जवळच्या नाल्याच्या किंवा खाडीच्या कडेला उभे राहून पाहा की पाण्याची पातळी रस्त्याच्या किती खाली आहे. पावसाचा एक थेंबही नसताना पाणी रस्त्याच्या हात-दीड हात खाली येऊन टेकत असेल, तर जुलैत पावसाचे पाणी कोठे जाणार आहे? असा परिसर तळमजल्यासाठी मी कोणालाही सुचवणार नाही, आणि वरच्या मजल्यासाठीही तेथली पार्किंगची जागा पाहिल्याशिवाय होकार देणार नाही.

त्यानंतर गल्लीतून पायी फिरा आणि जमिनीकडे पाहत फिरा. कुंपणाच्या भिंतींवर एकाच उंचीवर ओढल्यासारखी शेवाळाची काळी रेघ असेल तर ती पाण्याची खूण आहे. विजेचे मीटर आणि पाण्याचा पंप मुद्दाम उंच चौथऱ्यावर बसवलेले असतील, दारासमोर उंबऱ्याबाहेर विटांची बुटकी आडभिंत असेल, तर त्या घराने पाणी पाहिलेले आहे. जुन्या घरांच्या बाबतीत रस्ता आणि जोते यांची तुलना अवश्य करावी, कारण रस्त्यावर वर्षानुवर्षे डांबराचे थर चढत जातात आणि एके काळी उंच असलेले जोते रस्त्याच्या बरोबरीला येते. जोते रस्त्यापेक्षा निदान दीड फूट उंच हवे, असे माझे मत आहे. किराणा दुकानात गेलात तर तांदळाची पोती कशावर ठेवली आहेत ते पाहा; ज्या दुकानाची सर्वांत खालची फळी रिकामी असते त्या दुकानदाराला वेगळे काही विचारण्याची गरज नाही.

विचारायचेच असेल तर मध्यस्थाला किंवा घरमालकाला विचारू नका, पोदेराला विचारा. सकाळ-संध्याकाळ सायकलवरून पाव विकणारा पोदेर बाराही महिने प्रत्येक गल्लीत जातो आणि जुलैत कोणत्या वळणावर सायकल खांद्यावर घ्यावी लागते हे त्याला नेमके ठाऊक असते. घर भाड्याने जाते की नाही याच्याशी त्याचा काहीही संबंध नसतो, म्हणून तो खरे सांगतो.

खालच्या पाण्याला भिऊन माणसे पठारावर जातात आणि तेथे नळाच्या पाण्याला मुकतात. तिसरे घर मी पठारावर घेतले तेव्हा माझेही तेच झाले. पणजीला आणि ती ज्यात येते त्या तिसवाडी तालुक्याला पाणी येते ते फोंडा तालुक्यात खांडेपार नदीवर असलेल्या ओपा येथील प्रकल्पातून. पर्वरीची भिस्त मोठ्या प्रमाणावर तिळारीच्या कालव्यावर आहे, आणि तिळारीचे धरण तर शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात आहे. इतक्या लांबून आलेले पाणी चढावर आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाला पोहोचेपर्यंत दाब राहत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारजवळ मुख्य वाहिनी फुटली तेव्हा भर पावसाळ्यात फोंडा आणि तिसवाडीतले नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. अशा वेळी ज्याच्या इमारतीची जमिनीतली टाकी मोठी तोच निभावतो.

म्हणून 'पाणी येते का' असा प्रश्न कधीही विचारू नये; त्याचे उत्तर नेहमी 'येते' असेच मिळते. नळाला पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, एप्रिल-मे महिन्यांत टँकर किती वेळा मागवावा लागला, आणि त्याचे पैसे कोणी भरले, हे तीन प्रश्न त्याच इमारतीतल्या भाडेकरूला विचारा. मग हिशेब करा. शहरी भागासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी गृहीत धरले जाते. वीस सदनिका आणि प्रत्येकी चार माणसे म्हणजे दिवसाला १०,८०० लिटर झाले. जमिनीतली टाकी निदान दोन दिवस पुरेल इतकी, म्हणजे अशा इमारतीत २१,००० लिटरच्या पुढे नसेल, तर टँकरच्या शिट्टीची वाट पाहत बसण्याची तयारी ठेवा. एखादा घरमालक अभिमानाने विहीर दाखवतो. तिचे पाणी तपासून घेतल्याशिवाय पिऊ नका, कारण पणजीबाहेरच्या बहुतेक वस्त्यांमध्ये मैलापाणी सेप्टिक टाकी आणि शोषखड्ड्यात जाते, आणि पावसाळ्यात जमिनीतल्या पाण्याची पातळी वर आली की सखल भागात त्या दोहोंमधले अंतर फारसे उरत नाही.

पाण्याचे तिसरे रूप म्हणजे ओल. नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या भिंतींवर वाऱ्यासकट आपटतो. त्या बाजूला मोठी झाडे किंवा दुसरी इमारत आडोशाला असेल तर उत्तम. भिंतीच्या तळाशी लोणा लागून रंग फुगलेला दिसला तर विचारा. आणि एकाच खोलीची एकच भिंत नव्याने रंगवलेली असेल तर त्या भिंतीपाशी ठेवलेले कपाट उघडून वास घ्या.

रात्रीची फेरी

दुसरी फेरी शनिवारी रात्री साडेदहानंतर करावी, शक्य असल्यास डिसेंबरात. उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, परंतु प्रत्येक परिसर ही बंदी सारख्याच निष्ठेने पाळतो असे नाही, आणि लग्नाच्या सभागृहाशेजारी किंवा पर्यटकांना खोल्या देणाऱ्या बंगल्याशेजारी घर घेतल्यावर तक्रार करत राहणे हेच एक काम होऊन बसते. पणजीत नोकरी असताना कांदोळी-कळंगुटच्या पट्ट्यात घर घेऊ नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तेथे हंगामात एका खोलीमागे पर्यटकाकडून जे मिळते ते वर्षभराच्या भाडेकरूकडून मिळत नाही, त्यामुळे ऑक्टोबर जवळ आला की घरमालकाच्या बोलण्याचा सूर बदलतो. माझ्या एका सहकाऱ्याला दिवाळीच्या आठवड्यात घर रिकामे करावे लागले.

विजेची स्थिती कळण्यासाठी वेगळी पायपीट नको. महिनाभर गोव्यातले कोणतेही मराठी दैनिक घेऊन वीजपुरवठा खंडित होण्याच्या सूचना वाचा. त्यांत वाडे आणि वसाहती नावानिशी दिलेल्या असतात. तुमच्या तीन नावांपैकी एखादे सारखे येत असेल तर ते खोडा.

करार

पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा अर्ज भरायचा आणि अकरा महिन्यांचा लेखी करार करायचा, हे सर्वांना माहीत असते. महत्त्वाची आहे ती कराराची तारीख. शक्य असेल तर करार मेच्या मध्यापासून सुरू करा, म्हणजे पहिल्या दोन महिन्यांतच पावसाळा अंगावर घेतला जातो आणि ऑक्टोबरात घर घेणाऱ्याप्रमाणे आठ महिने कोरडेपणाच्या भ्रमात जात नाहीत. दोन्ही बाजूंना एका महिन्याच्या नोटिशीची मुभा लिहून घ्या. घरमालकाने अनामत रक्कम सहा महिन्यांनंतरच परत मिळेल असे कलम घातले तर ते काढायला लावा. न काढल्यास ते घर सोडून द्या. टँकरचा खर्च कोण देणार हेही कागदावर यावे, कारण तोंडी आश्वासन एप्रिलच्या शेवटी कोणाला आठवत नाही. विकत घर घेण्याचा विचार असेल तर त्याच परिसरात आधी भाड्याने राहून एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा मे महिना काढा, मगच बयाणा द्या.