लांब पल्ला धावताना पायांना फोड कसे टाळावेत

गोव्यातल्या फोंड्याहून पहाटे निघायचं, फर्मागुडी, म्हार्दोळ, मंगेशी करत कुंडईच्या बाजूला जायचं आणि परत. हा माझा रविवारचा रस्ता. पहिली दोन वर्षं फोड घेतल्याशिवाय घरी आलेच नाही. भेटेल तो एकच सांगायचा, "बूट बदल." तीन जोड बदलले. फोड मात्र जागचे हलले नाहीत, टाचेच्या मागे आणि करंगळीला.

कातडी घासून फोड येतो हे अर्धंच खरं. पावलागणिक आतलं हाड मागेपुढे होतं, वरची कातडी मोज्याला धरून बसते. या ओढाताणीत कातडीचे आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि मधे पाणी भरतं. कातडी ओलसर असली की मोज्याला जास्तच धरते. आपल्याकडे पाऊस नसला तरी पाचव्या किलोमीटरला मोजे पिळायला येतात. म्हणून आधी ओल सांभाळा, बुटाचं मग बघू.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर फर्मागुडीच्या उतारावर बोटं पुढे आपटतात. नखं दोन दिवस आधी कापा. मोजे सुती नकोतच. "सुती मोजा घाम शोषतो" म्हणतात; शोषतो, आणि धरून ठेवतो. नायलॉन किंवा पॉलिस्टरचे घ्या. बोटं एकमेकांना घासत असतील तर पाच बोटांचे.

टाच बुटात वरखाली होत असेल तर नाडी त्याच बाजूच्या सगळ्यात वरच्या भोकात घालून छोटा फास करा. दोन्हीकडे. मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओवून ओढा.

आता पट्टी. माझं घोडं इथेच अडलं होतं.

मेडिकलमध्ये कागदी सर्जिकल टेप मिळते, बरेच जण तिला मायक्रोपोर म्हणतात. स्वस्त आहे म्हणून तिला हसू नका. वाळवंटातल्या 250 किलोमीटरच्या टप्प्याटप्प्याच्या शर्यतींमध्ये 128 धावपटूंवर तिची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. टेप लावलेल्या जागी फोड सुमारे 40 टक्क्यांनी कमी आले. पण ते वाळवंट होतं. मी पहिल्यांदा लावली तेव्हा चौथ्या किलोमीटरला ती गुंडाळी होऊन मोज्यात फिरत होती, आणि त्या गुंडाळीनेच नवा फोड दिला.

चूक माझीच. आदल्या रात्री पायांना खोबरेल तेल चोळलं होतं. तेलावर काहीही टिकत नाही. आता मी पाय साबणाने धुते, पंख्याखाली पूर्ण वाळवते, नेहमी फोड येतो तेवढ्याच जागी टिंक्चर बेंझॉइन (टेप धरून ठेवणारं चिकट औषधी द्रावण) लावते आणि ते चिकट होईपर्यंत थांबते. भेगा किंवा जखम असेल तर लावू नका, भयंकर झोंबतं. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा. चौकोनी कोपरा आधी उचलतो. एकच थर. ताणून लावू नका, सुरकुती राहिली तर काढून नवी लावा. मग तळहाताने मिनिटभर दाबून धरा. मोजा सर्रकन ओढू नका, गुंडाळून बोटांपासून उलगडत चढवा. हे सगळं निघण्याच्या अर्धा तास आधी, गाडीत बसून घाईघाईत नव्हे.

आणि पट्टीवर किंवा पट्टीखाली व्हॅसलिन नको. दोन्ही एकदम करणारे बरेच भेटतात. व्हॅसलिनने सुरुवातीला घर्षण कमी होतं, पण ती उतरत जाते. दोन तास धावायचं असेल तर तिच्यावर विसंबू नका.

शर्यतीत पाण्याच्या टेबलापाशी डोक्यावर पाणी ओतून घेण्याची हौस असते. पुढे वाकून ओता. एका अर्धमॅरेथॉनमध्ये मी ताठ उभी राहून ओतलं, ते पाय धरून सरळ बुटात गेलं. उरलेले आठ किलोमीटर मी जन्मात विसरणार नाही. मिरामारला वाळूत धावलात तर रस्त्यावर आल्यावर बूट काढून झटका.

एका ठिकाणी चटका जाणवला की तिथेच थांबा. "संपल्यावर बघू" म्हणू नका. पाय पुसा, टेपचा तुकडा खिशात ठेवायची सवय असेल तर लावा, नाडी पुन्हा आवळा. दोन मिनिटं जातात.

तरीही फोड आलाच तर वरची कातडी सोलू नका. लहान असेल तर तसाच राहू द्या. मोठा आणि दुखरा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा आणि झाका. मधुमेह असलेल्यांनी यातलं काही न करता डॉक्टरकडे जावं. घरी पट्टी काढताना ती कोमट पाण्यात भिजवून सावकाश सोडवा; ओढलीत तर जपलेली कातडी तिच्याबरोबर येईल.