गूगल मॅप्सवर प्लंबर, इलेक्ट्रिशियन सापडावा म्हणून

घरोघरी जाऊन काम करत असाल तर गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये (मॅप्सवर दिसणारी तुमच्या धंद्याची नोंद) घरचा पत्ता लपवा आणि सेवा देता ते भाग भरा. २० पर्यंत भरता येतात. मुख्य कॅटेगरी मात्र नीट निवडा. गळती काढणाऱ्याने 'कंत्राटदार' नव्हे, 'प्लंबर' लिहावं, कारण शोधणारा तेच टाइप करतो. नावात 'स्वस्त', 'बेस्ट' असले शब्द घुसडू नका, प्रोफाइल बंद पडू शकतं. काम झालं की लगेच ग्राहकाला रिव्ह्यूची लिंक पाठवा. दोन दिवसांनी कोण लिहितंय! रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणं नियमाबाहेर आहे. वाईट रिव्ह्यूलाही शांतपणे उत्तर द्या, पुढचा ग्राहक तेच आधी वाचतो.