श्वास मोजताय हे रुग्णाला कळू देऊ नका

ताप, रक्तदाब, ऑक्सिजन हे यंत्र दाखवतं. श्वासाची गती मात्र बहुतेक वेळा आपल्यालाच मोजावी लागते, आणि नेमका तोच आकडा अंदाजाने '१८' किंवा '२०' असा लिहून टाकला जातो. हे थांबायलाच हवं. तब्येत ढासळू लागली की अनेकदा सगळ्यात आधी श्वास वाढतो. रक्तदाब बऱ्याच उशिरा घसरतो.

मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजा. ती मोजून झाली तरी हात सोडू नका, नजर तेवढी छाती-पोटाकडे वळवा. 'आता श्वास मोजते हं' म्हटलं की माणूस नकळत वेगळा श्वास घेऊ लागतो. छाती वर येऊन खाली गेली की एक श्वास. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं, तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. पांघरूण जाड असेल तर जरा खाली सरकवा.

शांत बसलेल्या प्रौढाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. २५ किंवा त्याहून जास्त भरला तर डॉक्टरांना लगेच कळवा, ऑक्सिजन ९८ दिसत असला तरीही.

लहान मुलांचं गणित वेगळं: दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून अधिक म्हणजे जलद श्वास. बाळ रडत असेल तर शांत झाल्यावरच मोजा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर मात्र मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.