डबलसीट लांब निघताय? आधी मागच्या चाकाचा काटा करा

दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात मला हटकून फोन येतात, "गाडीला टायर कोणता टाकू?" मी उलट विचारतो : मागे कोण बसणार, सामान किती आणि रस्ता कोणता? एवढं कळलं की टायर बराचसा ठरतो आणि हवा किती मारायची तेही ठरतं. कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी.

मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत मशीनशॉपला आहे. गाडी रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५०, नव्या इंजिनाची, स्पोकची चाकं, म्हणजे आत ट्यूब. मागे बायको, दोन्ही बाजूंना बॅगा. कोकण, गोवा, हंपी, गोकर्ण हे आमचे रस्ते. पुढचं सगळं या वजनाची गाडी डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. आकडे तुमच्या गाडीचे वेगळे असतील, रीत तीच.

आधी काटा

आपल्या गाडीच्या मागच्या चाकावर किती वजन येतं, हे दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. ते मोजायला काही लागत नाही. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर प्लॅटफॉर्म काटा असतो, ओळखीचा दुकानदार दहा मिनिटं देतो. टाकी फुल करायची, बॅगा भरून बांधायच्या. मागचं चाक काट्यावर आणि पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी, म्हणजे गाडी सपाट राहते. दोघांनी बसायचं, पाय फुटरेस्टवर घ्यायचे आणि तिसऱ्याने समोरून हँडल नुसतं तोल जाणार नाही इतकंच धरायचं.

आमचा हिशोब असा. गाडी १९५ किलो, मी ८०, बायको ६१, सामान २४. एकूण ३६०. त्यातले २२९ किलो एकट्या मागच्या चाकावर. पुढे फक्त १३१. एकटा बसून निघालो तर चित्र पार वेगळं असतं. म्हणून एकट्याची हवा आणि डबलसीटची हवा एकच असूच शकत नाही.

आता टायरच्या बाजूवर काय लिहिलंय ते वाचा. माझ्या मागच्या टायरवर १२०/८०-१८ ६२पी असं आहे. रुंदी १२० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १८ इंची. हे बहुतेकांना माहीत असतं. खरं कामाचं आहे ते शेवटचं ६२पी. ६२ हा वजनाचा निर्देशांक, त्याचा अर्थ २६५ किलो. ५७ म्हणजे २३०, ५८ म्हणजे २३६, ६० म्हणजे २५०, ६५ म्हणजे २९०. मापाच्या शेवटचं अक्षर वेगाचं : पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर, एस १८०, एच २१०. आपल्या ३५० सीसीला पी भरपूर झाला.

२६५ मधून २२९ गेले, ३६ किलो शिल्लक. ठीक आहे. पण दुकानदाराने "साईज तीच आहे की" म्हणत ५८ निर्देशांकाचा टायर गळ्यात मारला तर शिल्लक उरते ७ किलो. येताना देवगडहून आंब्याची पेटी बांधली की संपलं. शिवाय हे २६५ किलो टायरमध्ये हवा पुरेशी असेल तरच. वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. हवा कमी असेल तर तो ६२ चा टायर ६२ चा राहत नाही. म्हणून दुकानात भाव विचारायच्या आधी हा आकडा वाचा. गाडीच्या कंपनीने दिलाय त्याच्या खाली कधीही जाऊ नका.

माप, नक्षी, वय

रुंद टायर टाकायचा मोह आवरा. १२० च्या रिमवर १३० चा टायर चढतो, दिसतोही दणकट. पण रिमला तो आवळला जातो, त्याची गोलाई बदलते आणि घाटात गाडी वळणात झुकताना नको तिथे अडते, मग एकदम कलते. चेनगार्डला घासला तर ते वेगळंच.

मोठ्या बटणांच्या नक्षीवर तरुण पोरांचा फार जीव. स्पितीला किंवा लडाखला जाणार असाल, कच्चा रस्ता बराच असेल, तर घ्या, तिथे ते टायर कामाचे आहेत. कोल्हापूरहून कोकणात उतरायला मात्र नकोत. आपला रस्ता जवळजवळ सगळा डांबरी किंवा काँक्रीटचा. त्यावर बटणांच्या टायरचं रबर जमिनीला कमी टेकतं. ओल्या डांबरावर ब्रेक लांबतो, दोन माणसांच्या वजनाखाली मधली बटणं भराभर झिजतात आणि हायवेला सतत घूं घूं आवाज. आपल्याला हवा तो साधा रोडचा टायर : मधला पट्टा सलग, बाजूंना पाणी काढणाऱ्या खोल तिरक्या चरा.

वय बघा. बाजूवर लांबट गोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. मी वर्षापेक्षा जुना माल परत करतो, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी चालेल. वापरातल्या टायरला पाच वर्षं झाली की नक्षी कितीही शिल्लक असो, बाजूला बारीक भेगा पडल्यात का ते उन्हात नीट बघा आणि लांबच्या प्रवासाला तो नेऊ नका. झीज बघायला चरांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, दुचाकीला ते ०.८ मिलिमीटरचे. नक्षी तिथवर आली म्हणजे टायर संपला. पावसाळ्यात मी तिथवर थांबत नाही, दोन मिलिमीटरला बदलतो. गोटा झालेल्या टायरवर आंबोलीच्या धुक्यात जायचं कारणच नाही.

कंपन्यांबद्दल थोडक्यात. एमआरएफ, सीएट, टीव्हीएस युरोग्रिप यांचे टायर निपाणीतही मिळतात आणि कणकवलीतही, आणि प्रवासात याला फार किंमत आहे. मिशेलिन, पिरेली, मेट्झेलर महाग, आणि आपलं माप मिळेलच असं नाही. पैसे मोजकेच असतील तर चांगला टायर पुढे टाका. मागचं चाक सटकलं तर गाडी बऱ्याचदा सावरता येते, पुढचं सटकलं तर वेळच मिळत नाही. एका चाकाला रेडियल (आतल्या दोऱ्यांची बांधणी वेगळी असलेला टायर) आणि दुसऱ्याला साधा असा संसार मांडू नका. आणि टायर नवा तर ट्यूबही नवी. जुनी ट्यूब ताणलेली असते, नव्या टायरात तिची घडी पडते आणि नेमकी तिथेच ती फाटते.

हवा

आता मुख्य गोष्ट. टायर बदलूनही गाडी डुलते, हँडल जड लागतं, असं सांगत लोक येतात. त्यातल्या बऱ्याच जणांचा टायर चांगला असतो, हवा चुकलेली असते.

किती हवा? गाडीच्या पुस्तकात आणि बहुधा चेनकव्हरवर किंवा मागच्या फोर्कवर स्टिकर असतं. त्यावर एकट्याचे आणि डबलसीटचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात. सुरुवात तिथूनच करायची. काही स्टिकरवर किलोपास्कल असतं, २२० किलोपास्कल म्हणजे ३२ पीएसआय, पंपावर हवेचा दाब याच मापात सांगतात. टायरच्या बाजूवर जो पीएसआयचा आकडा छापलेला असतो तो रोजचा नाही. पूर्ण वजन पेलायला लागणारी हवा असते ती. एकट्याने गाडी चालवताना तेवढी मारली तर मधलाच पट्टा झिजतो आणि खड्ड्यात गाडी उड्या मारते.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी रात्रभर, निदान तीन तास तरी, सावलीत उभी. पण पंप घरापासून तीन किलोमीटरवर असतो आणि तिथे पोचेपर्यंत टायर तापायला लागलेला असतो. यावर माझी पद्धत सोपी आहे. मोजायचं घरी, भरायचं पंपावर. समजा मागे ३२ हवेत आणि सकाळी घरी स्वतःच्या गेजने, म्हणजे हवा मोजायच्या साधनाने, मोजले तर २७ निघाले. म्हणजे ५ कमी. पंपावर पोचल्यावर तोच गेज लावायचा. समजा आता २९ दाखवले. तर ३२ नाही, २९ अधिक ५, म्हणजे ३४ भरायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा, बरोबर ३२ सापडतील.

"तोच गेज" हे मी मुद्दाम म्हणतोय. आमच्या शॉपमध्ये कॅलिब्रेशनचा, म्हणजे अचूकता तपासल्याचा, शिक्का नसलेलं मोजमापाचं साधन कोणी हातात घेत नाही, आणि लोक मात्र पंपावरच्या, रोज आपटणाऱ्या, उन्हात पडलेल्या गेजवर जीव सोपवतात. एकाच सकाळी दोन पंपांवर चार पीएसआयचा फरक मी पाहिलाय. स्वतःचा डायलचा किंवा डिजिटल गेज घ्या, एखाद्या खात्रीच्या गेजशी ताडून बघा आणि तो बॅगेत ठेवा. तो अर्ध्या पीएसआयने चुकत असला तरी चालतं, रोज तेवढाच चुकला म्हणजे झालं. पंपावरच्या पोराने "किती मारू?" विचारलं की आकडा सांगायचा आणि नळी काढल्यावर आपल्या गेजने मोजायचं. त्याला राग येत नाही, नुसतं बघत राहतो.

आता खरी परीक्षा. पहाटे निघायचं, निपाणीवरून आजऱ्याला चहाला थांबायचं आणि उतरल्या उतरल्या गरम टायर मोजायचा. थंड ३२ असेल तर गरम ३५ ते ३६ यायला हवे. ३२ पीएसआयच्या टायरात दर १० अंश तापमानाला साधारण दीड पीएसआय वाढतो, म्हणजे आतली हवा २०-२५ अंशांनी तापली. हे योग्य. गरम टायर ३९ दाखवत असेल तर बहुतेक जण हवा सोडतात. तसं करू नका. टायर जास्त तापला, कारण सकाळी हवा वजनाच्या मानाने कमी होती, तो जास्त दबत-फुगत राहिला आणि घर्षणाने तापला. त्यातून हवा सोडली तर तो आणखी दबेल आणि आणखी तापेल. सामान हलकं करा, वेग कमी करा आणि दुसऱ्या दिवशी थंड टायरला दोन पीएसआय वाढवून पुन्हा बघा. मात्र स्टिकरवरच्या डबलसीटच्या आकड्याच्या फार पुढे जाऊ नका. तरीही टायर तापतच असेल तर वजन जास्त आहे, त्याला हवा हे उत्तर नाही.

पावसात हवा कमी करावी, ग्रिप वाढते, असं पुष्कळ जण सांगतात. डांबरी रस्त्यावर हे साफ चुकीचं आहे. हवा पुरेशी असली तरच नक्षीच्या चरा उघड्या राहतात आणि पाणी बाहेर फेकलं जातं. हवा कमी केली की चरा मिटतात आणि टायर पाण्यावर तरंगायला लागतो. कोकणातल्या जुलैच्या पावसात स्टिकरवरची हवा म्हणजे स्टिकरवरची हवा. लाल मातीच्या चिखलात दोन-तीन किलोमीटर जायचं असेल तेवढ्यापुरती चार पीएसआय सोडा, हळू चालवा आणि डांबर लागलं की लगेच भरा. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप बरोबर असू द्या.

घाट चढताना काय होतं, असंही विचारतात. सावंतवाडीहून आंबोलीत वर आलं की बाहेरच्या हवेचा दाब थोडा कमी होतो, म्हणून गेज थोडा जास्त दाखवतो. पण वर थंडीही असते, ती गेज खाली आणते. दोन्ही मिळून जवळपास काही उरत नाही, हात लावू नका. लडाखचं वेगळं. कोल्हापुरात ३२ भरून पाच हजार मीटरवर गेलात, तर तिथल्या थंडीतही गेज तीनेक पीएसआय जास्त दाखवेल. तिथे मुक्कामी सकाळी मोजून स्टिकरवर आणायचं आणि खाली उतरल्यावर पुन्हा भरायचं. हे दुसरं लोक विसरतात.

नायट्रोजनबद्दल इतकंच : साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरलात तर बिघडत नाही, पण महिनाभर मोजायचं सोडलंत तर बिघडेल. ट्यूबमधून हवा थोडी थोडी जातच राहते.

ट्यूबवाल्यांसाठी एक नजर रोजची. व्हॉल्व रिममधून सरळ बाहेर आलाय का बघा. तिरका दिसला तर कमी हवेमुळे टायर रिमवर सरकलाय आणि ट्यूबला ओढतोय. तसंच चालवत राहिलात तर व्हॉल्व मुळाशी तुटतो आणि चालत्या गाडीत हवा एका क्षणात जाते. व्हॉल्ववरची बारीक नटी रिमला घट्ट आवळू नका, वर टोपणाशी ठेवा. आवळलेली असेल तर तिरकेपणा दिसतच नाही. आणि टोपण धातूचं, आत रबराचा वॉशर असलेलं लावा, चिखल आत जात नाही.

नवा टायर बसवून झाला की बाजूवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे ना ते स्वतः बघा. मागचं चाक उतरवलं होतं, तेव्हा चेनचा ढिलेपणा आणि दोन्हीकडच्या अलाइनमेंटच्या खुणा जुळवून घ्या. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर नवं रबर गुळगुळीत असतं. जोरात ब्रेक नको, गाडी खोल कलवायची नाही. म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी टायर टाकू नका. निदान दोन आठवडे आधी टाका, कामावर जा-ये करा, एकदा बायकोला घेऊन पन्हाळ्याला जाऊन या आणि त्या आठवड्यात रोज सकाळी गेज लावा. हवा टिकत नसेल तर ती गल्लीतल्या पंक्चरवाल्यासमोर कळलेली बरी.